एकशे सत्तावीस दाते

भंगारवाल्याने लेथभोवती एक चक्कर मारली, पायाला चपलेने हलकेच ठोकर दिली आणि सांगून टाकले, "नऊशे किलो. मोटर वेगळी." मग मोबाइलवर गुणाकार करून आकडा शेडच्या मालकाला दाखवला. मालकाने तो पाहून न पाहिल्यासारखे केले आणि माझ्याकडे मान वळवली. डिचोलीहून साखळीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या सकाळी एका लेथला दोन गिऱ्हाइके होती. एकाला त्यातले बीड हवे होते, दुसऱ्याला लेथ.

मी किलोमागे पाच रुपये चढे देतो म्हणालो. लेथ किलोवर विकत घ्यायचा हा प्रकार मला तेव्हा अंमळ लाजिरवाणा वाटला होता. आता वाटत नाही. घरच्या वर्कशॉपसाठी जुनी यंत्रे जमवणाऱ्याची गाठ दुसऱ्या हौशी माणसाशी क्वचितच पडते, त्याची झुंज असते ती भंगाराच्या काट्याशी. काट्याला बेड सरळ आहे की खचलेला याच्याशी देणेघेणे नसते, आणि त्याच्या या अडाणीपणातच आपला फायदा असतो.

माझ्यासोबत मेस्त होते. खाणीच्या वर्कशॉपात हयात काढलेले निवृत्त टर्नर, वय सत्तरीच्या पुढे. पेडण्याहून मी मुद्दाम त्यांना घेऊन आलो होतो, कारण त्याआधी एकदा मी एकटा गेलो होतो आणि फसलो होतो. ती गोष्ट पुढे येईल. मेस्तांनी शेडमध्ये पाऊल टाकल्यापासून लेथच्या रंगाकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. मी रंगाबद्दल काही बोलायला गेलो तर म्हणाले, "पयली बेड पळय, मागीर रंग. रंग कोणूय मारता."

आमच्या या व्यवहाराची भाषाच पाहा. 'मेस्त' हा पोर्तुगीज 'मेस्त्र'चा अवतार, मराठीतला मिस्त्री-मेस्त्रीही त्याच घरचा. चकची चावी पोर्तुगीज, तेलाचे पिंप पोर्तुगीज, शेडच्या दाराची बिजागरी पोर्तुगीज, आणि ज्यात ही यंत्रे विकली जातात तो लिलावसुद्धा पोर्तुगीज. उलट कातकामाचा आपला शब्द कितीतरी जुना. कातणे आणि त्यावरून कातारी. सावंतवाडीच्या लाखकामाची खेळणी ज्या चरकावर कातली जातात तो चरक म्हणजे लेथचा लाकडी पूर्वजच. फरक एवढाच, की चरकावर हत्यार माणसाच्या हातात असते, लेथवर ते स्लाइडवर पक्के बसवलेले असते. लंडनच्या हेन्री मॉड्सलेने अठराव्या शतकाच्या अखेरीस स्लाइड, लीडस्क्रू आणि बदलते गियर एका सांगाड्यात आणले आणि हाताचे कसब यंत्राच्या अंगी उतरले. आजही बिघडलेला लेथ तपासायचा म्हणजे याच तीन गोष्टी तपासायच्या.

डिचोलीत एवढे लेथ आले कुठून, हे समजायला खाणीकडे जावे लागते. शिरगाव, मये, साखळी, पिसुर्ले हा सारा पट्टा लोहखनिजाचा. 1950 च्या दशकात खाणमालक चौगुले यांनी जपानी पोलाद उद्योगाशी हातमिळवणी करून शिरगावच्या खाणीत यंत्रे आणली आणि तोवर घमेल्या-टिकावांवर चालणारे काम बदलले. यंत्र आले की त्याच्या मागोमाग दुरुस्ती येते. मोठ्या कंपन्यांची स्वतःची वर्कशॉपे झाली. पुढे टिपर आले, बार्जेस आल्या, आणि डिचोलीपासून उसगावपर्यंत रस्त्याच्या कडेला एकेका लेथची छोटी शेडे उभी राहिली. ब्रेक ड्रम कातणे, किंगपिनचे बुश, घासलेल्या शाफ्टवर वेल्डिंग भरून पुन्हा माप काढणे, हीच त्यांची रोजची कामे.

मग सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल 2014 मध्ये ती उठली, काम धडपडत सुरू झाले, आणि फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 लीजांचे नूतनीकरण रद्द होऊन 16 मार्चपासून पुन्हा सारे थंडावले. डिसेंबर 2022 च्या लिलावात डिचोलीचा ब्लॉक वेदांताकडे गेला, खाण परत चालू झाली. पण दहा वर्षांत शेडे थोडीच थांबतात? टिपर उभे राहिले, तसे ब्रेक ड्रम यायचे थांबले. ज्यांनी दुसरे काम धरले त्यांनी लेथवर ताडपत्री टाकली. ताडपत्रीखाली गोव्याचा पावसाळा काय करतो ते सांगायला नकोच.

म्हणून 'व्हिंटेज' हा शब्द मला इथे जरा बुळबुळीत वाटतो. इंग्लंडात मायफर्डचा एमएल-7 घेणारा माणूस बागेतल्या खोलीत वाफेचे खेळण्याएवढे इंजिन बनवतो. असल्या छंदाला वाहिलेले 'मॉडेल इंजिनियर' हे नियतकालिक तिथे 1898 साली सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच आलेला एमएल-7 हा टेबलावर मावणारा लेथ मुळातच हौशी लोकांना डोळ्यांपुढे ठेवून बनवला होता. आपल्याकडे असे छोटे यंत्र हौसेसाठी फारसे कुणी बनवलेच नाही. आपल्याकडे जुना लेथ म्हणजे पोटासाठी चाललेला, पूर्ण मापाचा, आणि विकायला निघाला म्हणजे कुणाचे तरी काम थांबलेले. शेडचा मालक माझ्याकडे पाहत होता तो भाव ऐकायला, पण त्यात आणखीही काही होते. पैसे मोजून झाल्यावर त्याने विचारले, "चालवणार ना?"

आता फसल्याची गोष्ट. घाटावरच्या एका शहरातल्या विक्रेत्याकडून मी पहिला लेथ घेतला होता. हिरवाकंच रंग, चकचकीत हँडल. हेडस्टॉक फिरवला, आवाज गोड आला, पैसे दिले. घरी आणून महिन्याने पुट्टी उकलली तेव्हा टेलस्टॉकच्या पोटात तडा निघाला, वेल्डिंगने कसाबसा जोडून वर पुट्टी लिंपलेला. तेही सोसले असते. पण बेड चकच्या जवळ इतका घासला होता, की तिथे कॅरेजची गिब आवळली की उलट्या टोकाला कॅरेज अडकून बसे आणि टोकाला सैल केली की चकजवळ खडखडे. लेथचे नव्वद टक्के काम चकपासून वीतभर अंतरात होते, म्हणून बेड तिथेच झिजतो. हे पुस्तकात वाचलेले होते. वाचलेले आणि बोटाला लागलेले यात काय अंतर असते ते त्या दिवशी कळले.

मेस्तांनी डिचोलीत बेड कसा पाहिला, ते सविस्तर सांगतो. आधी केरोसिनच्या फडक्याने बेड पुसून घेतला. मग बोटाचे नख बेडच्या व्ही-आकाराच्या उंचवट्याच्या माथ्यावरून चकपासून टेलस्टॉककडे ओढत नेले, डोळे मिटून. सावकाश, दोनदा. झिजलेल्या आणि न झिजलेल्या भागाची जिथे सीमा असते तिथे बारीक पायरी बनते, ती नखाला लागते. मग त्यांनी माझा डायल गेज मागितला, कॅरेजवर बसवला, टोक बेडच्या सपाट, कधीच न वापरल्या जाणाऱ्या पट्टीवर ठेवले आणि कॅरेज हाताने ढकलत गेले. काटा चार घरे हलला. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. "ब्रेक ड्रमाक ह्यें चलता," म्हणाले, "तुका चलतलें?" जर्मनीच्या गेओर्ग श्लेसिंगरने 1920 च्या दशकात यंत्रांच्या अचूकतेच्या कसोट्या पुस्तकात बांधल्या, त्या हिशोबाने हा लेथ केव्हाच नापास. पण घरच्या कामाचा जॉब हातभर लांब असतो कुठे? मी चलतलें म्हणालो.

पुढची पाहणी पटापट झाली. क्रॉस स्लाइडचा बॅकलॅश जवळजवळ पाऊण फेरा निघाला, पितळी नट नवा केला की मिटेल असा. बॅकगियर लावून हाताने फिरवला, एका जागी अडखळतो का पाहिले, कारण तुटलेला दाता फेऱ्यात एकदाच आवाज करतो. हाफनट मात्र घट्ट होता. यावरून मेस्तांनी निदान केले: इथे आटे कापायचे काम फारसे झाले नाही, नुसता कातकामाचा लेथ. झीज वाचली की यंत्राने काय काम केले ते कळते. मालकाला विचारले तर म्हणाला, बरोबर, थ्रेडला बोल्ट तयारच मिळायचे.

पाटीवर किर्लोस्कर आणि हरिहर ही अक्षरे होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर बेळगावचा, त्यांची किर्लोस्करवाडी 1910 ची, आणि लेथसाठी 1941 साली तेव्हाच्या म्हैसूर संस्थानात हरिहरला निघालेला म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना तिसरा. एचएमटी त्यानंतरची, 1953 ची, स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉनच्या मदतीने. हरिहरचा कारखाना या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला, त्यामुळे सुटा भाग हवा तर कुठल्या तरी दुसऱ्या मेलेल्या लेथच्या अंगावरूनच काढावा लागतो. बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे अंग सोललेले लेथ भिंतीला टेकून उभे दिसतात. हौशी माणसाने तिकडे जरूर जावे, पण पाकीट घरी ठेवून. पहिल्या खेपेला नुसते पाहावे.

सरकारी मालाची वाट वेगळी. जुन्या झालेल्या आयटीआयच्या यंत्रांची, सरकारी वर्कशॉपांची विक्री निविदेने किंवा केंद्र सरकारच्या एमएसटीसीच्या ऑनलाइन लिलावाने होते. माल एक-एक मिळत नाही, पूर्ण ढीग उचलावा लागतो: दोन लेथ, चार व्हाइस, गंजलेली कपाटे आणि सीलिंग फॅन. आयटीआयच्या यंत्रांचे एक वैशिष्ट्य सांगतो. तिथला लेथ विद्यार्थ्यांच्या हातचा, म्हणजे कंपाउंडवर चकचे ओरखडे ठरलेले, पण बेड मात्र पुष्कळदा धडधाकट. वर्षात मोजके तास चालतो ना. आणि शेपर तर कुणालाच नको असतो. मिलिंगने त्याला केव्हाच हद्दपार केले, त्यामुळे शेपर खरोखर लोखंडाच्या भावात सुटतो. एका टोकाच्या साध्या टूलबिटने सपाट पृष्ठ काढणारे हे पुढे-मागे डुलणारे यंत्र घरी असावे असे माझे ठाम मत आहे. पत्नीचे मत निराळे आहे.

नऊशे किलो उचलायचे कसे? क्रेन मागवली तर ती लेथच्याच किमतीला जाईल. आम्ही जुन्या पद्धतीने गेलो: पहारीने एक टोक उचल, दीड इंची पाइप सरकव, दुसरे टोक उचल. चार पाइपांवर लेथ घरंगळत दारापर्यंत येतो, मागचा सुटलेला पाइप उचलून पुढे घालायचा. मेस्तांनी आधी टेलस्टॉक आणि कॅरेज पार टोकाला नेऊन आवळली. लेथचे वजन हेडस्टॉककडे जास्त असते आणि वरचा भाग जड, त्यामुळे तो तोल गेला तर उभाच्या उभा कलंडतो. पट्टा कुठे घालायचा? बेडखाली. स्पिंडलला किंवा लीडस्क्रूला कधीच नाही. लीडस्क्रू वाकली की तो लेथ उरतो फक्त बुश कातायला. टेम्पोत चढवायला चेन पुली लागली. अस्नोडा, थिवी, कोलवाळचा पूल, मग धारगळ. चढ लागला की मी मागे वळून दोरखंडाकडे पाहत होतो. धारगळला चहाला थांबलो तेव्हा टेम्पोवाल्याने विचारले, हे आहे तरी काय? मेस्त म्हणाले, "माझ्या बायलेचो भाव." चहावाल्याला वाटले खरेच कुणी आजारी आहे.

घरी जागा पडवीत. आमच्याकडची जमीन चिऱ्याची, वर सिमेंट, तिच्यावर लेथ थेट ठेवला की बेडला पीळ बसतो. म्हणून काँक्रीटचा चौथरा, त्यात बोल्ट, आणि खाली पातळ पत्र्यांच्या चकत्या घालून स्पिरिट लेव्हलने समतल. हे पहिल्या दिवशी करून चालत नाही. पंधरा दिवसांनी चौथरा बसला की पुन्हा पाहायचे.

विजेचे घोडे मोठे. मोटर दोन हॉर्सपॉवरची, 415 व्होल्टवर तीन फेजची. घरात एक फेज, 230. वेगळे कनेक्शन घेण्यापेक्षा व्हीएफडी नावाचा डबा बसवला, जो एक फेज घेऊन तीन फेज देतो. मात्र तो 415 देत नाही, 230 च देतो. म्हणून मोटरची जोडणी स्टारमधून डेल्टात बदलावी लागते. आपल्याकडच्या छोट्या मोटरी बहुधा स्टारमध्ये असतात, तेव्हा हिशोब जुळतो. अडचण एवढीच, की सहा टोकांऐवजी तीनच टोके बाहेर काढलेली असतील तर मोटर उघडून आतला सांधा शोधावा लागतो. माझ्या मोटरीचा तो सांधा म्हापशाच्या एका रिवाइंडिंगवाल्याने अर्ध्या तासात काढला. डबा बसल्यावर वेग बोटाने कमी-जास्त करता येतो, हे सुख मेस्तांना पटले नाही. आणि त्यांचे एका बाबतीत बरोबर निघाले: या जुन्या लेथचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसतो. डब्याने झटकन ब्रेक लावला किंवा उलटा फिरवला तर चक सुटून येऊ शकतो. वीस किलोचा चक पडवीत उडालेला मला बघायचा नाही, म्हणून ब्रेकचा वेळ मी लांबवून ठेवला आहे.

सफाईला आषाढ-श्रावण लागला. लहान गियर आणि हँडलांचा गंज काढायला बाजारातली रसायने आहेत, सोडा आणि बॅटरी चार्जरचा विजेचा उपायही आहे. मी आधी आईचा मार्ग धरला. ती देवाची भांडी घासायला बिमलां वापरते, तीच ठेचून बादलीत टाकली. बिमल्यात ऑक्झॅलिक आम्ल असते, गंज त्यात विरघळतो. एका रात्रीत लोखंड राखाडी झाले. धुऊन लगेच तेल लावले नाही तर मात्र पंधरा मिनिटांत नारिंगी छटा पुन्हा हजर, आमच्या हवेत तर दहाच मिनिटांत. आईने सुचवलेले खोबरेल तेल मी नाकारले. ते कालांतराने चिकट होते आणि बेडवर धूळ धरून ठेवते. बेडला बेडचेच तेल, वापरल्यानंतर रोज. गंमत अशी, की जुने कारखाने बिडाचे ओतीव ढाचे महिनोन् महिने मुद्दाम उघड्यावर ठेवत, आतला ताण सुटावा म्हणून. तारुण्यात या लेथने पाऊस मजेत खाल्ला असेल.

मग ते चाक. माझ्या लेथची लीडस्क्रू इंचाची, इंचाला चार आटे. म्हणजे एका फेऱ्यात 6.35 मिलिमीटर. भारताने 1956 च्या कायद्याने मेट्रिक स्वीकारले तरी लेथच्या पोटात इंच राहिला, आणि वर्कशॉपांच्या तोंडी सूतही, इंचाचा आठवा भाग. अशा लेथवर मिलिमीटरचे आटे कापायचे तर 127 दात्यांचे गियर लागते. कारण सोपे आहे: पाच इंच म्हणजे नेमके 127 मिलिमीटर. 2 मिलिमीटरच्या पिचला वर 40 दाते, खाली 127. दीड मिलिमीटरला 30 आणि 127. माझ्या लेथसोबत आलेल्या गियरांच्या डब्यात सगळे होते, 127 तेवढे नव्हते.

ते बनवून घ्यावे तर कापणारे नाक मुरडतात. 127 ही मूळ संख्या. डिव्हायडिंग हेडच्या नेहमीच्या भोकांच्या चकत्यांनी असले चाक थेट भागत नाही, डिफरन्शियल जोडणी लावावी लागते, आणि एका चाकासाठी एवढी मांडामांड कोण करतो? तुयेंच्या आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींत विचारले. एकाने 126 चे घे, काय फरक पडतो, असे सुचवले. पडतो: दर आट्यात चूक साचत जाते आणि लांब बोल्टवर नट मधेच अडतो. शेवटी बेळगावात एका वयस्क गियरवाल्याने ते कापून दिले, किंमतही त्याच्या वयाला शोभेशी घेतली. मी ते घरी आणून खिळ्याला टांगून ठेवले, लागेल तेव्हा हाताशी असावे म्हणून.

चवथीच्या दहा दिवस आधी आईने समई पुढे ठेवली. डिचोलीच्या कासारांच्या हातची, तिच्या सासूच्या लग्नातली. डिचोलीची समई एकसंध नसते. बूड, खांब, तबक असे भाग वेगवेगळे ओतून, कातून, आटे पाडून एकमेकांत बसवतात. खांबाचे खालचे आटे पार झिजून गेले होते, समई डुलायची. इतकी वर्षे कापडाची चिंधी गुंडाळून काम चालले. यंदा आई म्हणाली, एवढे मोठे यंत्र आणलेस, तर बघ.

बुडातले आटे शाबूत होते. त्यात मेण ओतून ठसा काढला आणि पट्टीने मोजला. मिलिमीटरात धड बसेना. इंचाला नऊ आटे, अगदी बरोबर. मेस्तांना फोन केला. ते बराच वेळ हसत होते. इंचाच्या लीडस्क्रूवर इंचाचे आटे: वर 40 दाते, खाली 90. दोन्ही चाके डब्यात होती, पहिल्या दिवसापासून.

झिजलेला भाग कातून काढला, पितळेची नवी दांडी बसवली, टूलबिट जुन्या आट्याच्या गोलसर आकाराला घासून घेतला. पितळ लोखंडासारखे लांब वळत नाही, बारीक सोनेरी कूस होऊन उडते आणि बनियनमध्ये शिरते. नऊ-दहा कट घेतले. प्रत्येक कटानंतर बूड फिरवून पाहायचे, घट्ट, मग किंचित आणखी. शेवटच्या कटाला बूड हातात धरून फिरवले तसे ते अडीच फेरे गेले आणि थांबले.

आईने समई हलवून पाहिली. मग तिने चिंधी मागितली. म्हटले, आता कशाला? म्हणाली, पुसायला, तेलाचे बोट लागलेय तुझे.